गोविंदराव काळे यांचे पत्र : एक भाषिक विचार

खर्ड्याच्या लढाईपूर्वी निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील असलेले गोविंदराव कृष्ण काळे यांचे नाव बहुधा एकाच पत्रामुळे घेतले जाते. महादजी शिंदे व नाना फडणीस यांच्यात समेट झाल्याचे कळताच १७९३ साली त्यांनी नानांस लिहिलेले हे पत्र हिंदू राजकीय अस्मितेचे घोषणापत्र म्हणून वारंवार उद्धृत होते. हा अर्थ निराधार नाही. परंतु तो अपुरा आहे.

प्रथम शब्दकळा पाहावी. जी भूमी परकीयांची नव्हे असे पत्रलेखक आवेशाने सांगतो, तिच्या सीमेसाठी तो ‘हद्द’ हा मूळचा अरबी शब्द योजतो. पूर्वीच्या राज्यकर्त्यांस ‘नादान’ हे फारसी विशेषण लावतो. यात विसंगती शोधणे व्यर्थ होय. गोविंदरावांचे वडील कृष्णराव बल्लाळ हेही निजामाकडे वकील होते. दरबारी शब्द या घराण्यास परके राहिले नव्हते. आज बुटीबोरीचा शेतकरीही आपल्या वावराची ‘हद्द’च दाखवितो, तिचे अरबीपण त्यास जाणवत नाही. तेव्हा शब्दांच्या कुळावरून लेखकाची निष्ठा मोजणे, अथवा निष्ठेवरून त्याच्या भाषेच्या शुद्धतेचे अनुमान करणे, ही दोन्ही सारखीच सदोष ठरतात.

दुसरा मुद्दा प्रसंगाचा. पत्र हर्षाने ओथंबलेले असले तरी ते वकिलाचे आहे. स्वपक्षात दुही असता परदरबारी वकिलाच्या शब्दास वजन राहत नाही. समेटाच्या वार्तेने झालेल्या आनंदामागे ही चिंता उभी आहे. ती अनाठायी नव्हती. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी निवर्तले. चौथाईच्या थकबाकीचा वाद विकोपास जाऊन ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास लढाई झाली. नागपूरकर दुसरे रघूजी भोसले तीत ससैन्य सामील होते. निजाम हरला; दिवाण मुशीरुल्मुल्क यास त्याने पुणेकरांच्या स्वाधीन केले. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले, पुण्यात वारसाचा कलह माजला आणि खर्ड्याचे फळ हातचे गेले. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली.

सारांश, या पत्राकडे केवळ घोषणापत्र म्हणून पाहिल्यास त्यातील वकील दिसेनासा होतो. ज्या ऐक्याचा त्यात उत्सव आहे ते किती नाजूक होते, याची जाण ठेवूनच अभ्यासकाने ते वाचले पाहिजे.