म्यूट कर बे!

आमच्या कळंबात मोबाइलवर मॅच सुरू असली आणि संजय मांजरेकरांचा आवाज आला की कुणीतरी म्हणतंच, "म्यूट कर बे!" मी करत नाही.

2019 च्या वर्ल्ड कपमध्ये रवींद्र जडेजाला 'बिट्स अँड पीसेस'वाला म्हणून ते चुकलेच. सेमीफायनलला जडेजाने 59 चेंडूंत 77 काढले आणि मांजरेकरांनी हार मानली. मार्च 2020 मध्ये बोर्डाच्या पॅनलवरून त्यांचं नाव गेलं.

मला त्यांच्या बोलण्यात त्यांची बॅटिंगच ऐकू येते. 1989 मध्ये लाहोरला 218 करणारा हा बॅट्समन पुढे तंत्राच्या नादात अडकत गेला. 37 टेस्ट, सरासरी 37 च्या आसपास. 'इम्परफेक्ट' या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःलाही सोडलेलं नाही. दुसऱ्याच्या फूटवर्कमधली खोट त्यांना आधी दिसते, कौतुक मात्र घशातच राहतं. ही त्यांची मर्यादा, आणि ती लहान नाही.

पण प्रत्येक सिक्सला 'काय शॉट!' ओरडणारे ढीगभर आहेत. बॅट्समन आऊट का झाला, हे मला मांजरेकरांकडून कळतं. मग तो आपला लाडका का असेना.