डाव्या हाताचे पुस्तक

जोतीराव फुले यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथाचे नाव निघाले की वक्ता एक गोष्ट हमखास सांगतो. 1888 साली जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला, उजवे अंग निकामी झाले, तरी डाव्या हाताने त्यांनी हा ग्रंथ लिहून काढला. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढे सरकतो. गोष्ट खरी आहे. ग्रंथ 1889 मध्ये पुरा झाला, 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव निवर्तले आणि 1891 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तथापि त्या टाळ्यांखाली एक प्रश्न झाकला जातो, असे आम्हांस वाटते. झटका हातापायांत दिसतो, पण येतो मेंदूवर. मग इजा झालेल्या मेंदूने लिहिलेल्या ग्रंथातील विवेक कितपत शाबूत मानावा?

प्रश्न उद्धट वाटेल. परंतु आमच्या राळेगाव परिसरात 'लकवा मारला' असे ज्या घराविषयी बोलले जाते, त्या घरात तो रोज विचारला जातो. आजाऱ्यांच्या भेटीस गेल्यावर लुळ्या हाताची तक्रार आमच्या कानी कमी येते. 'फादर, बाबा पहिल्यासारखे राहिले नाहीत' ही अधिक. शांत गृहस्थ शिवीगाळ करू लागतो, काटकसरी माणूस पैसा उधळतो, कोणी कारणावाचून रडतो. घरचे त्यास हट्ट म्हणतात, शेजारी वेड म्हणतात. हा मेंदूच्या जखमेचा परिणाम असू शकतो, हे क्वचितच कोणी त्यांना समजावून सांगते.

मेंदूची डावी बाजू उजवे अंग चालविते आणि बहुतेकांच्या बाबतीत भाषाही सांभाळते. ती दुखावली तर बोलणे अडखळते, मन खचते. परंतु आपले काय गेले याचे भान पुष्कळदा राहते. उजवी बाजू दुखावली तर डावे अंग जाते आणि कित्येकदा ते गेल्याची जाणीवही जाते. अशा रोग्याचे बोलणे अस्खलित असते. म्हणूनच घरचे फसतात. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना 2 ऑक्टोबर 1919 रोजी झटका आला तो डाव्या अंगावर. ते पदावर राहिले, त्यांच्या प्रकृतीची खरी अवस्था जनतेपासून लपविली गेली, आणि व्हर्सायच्या तहावर तडजोड करण्यास त्यांनी ठाम नकार दिला. सिनेटने तो तह फेटाळला. स्वभावाचा ताठा किती आणि आजाराचा वाटा किती, याचा वाद इतिहासकार अजूनही घालतात.

जोतीरावांची बाजू उजवी होती. पण केवळ एवढ्यावरून निवाडा देणे हा उथळपणा होईल. निवाडा ग्रंथातूनच द्यावयास हवा, आणि सुदैवाने ताडून पाहण्यास आधीचे लेखन आपल्यापाशी आहे. या ग्रंथातील भाषा झोंबरी आहे खरी. पुरोहितशाहीवर, पोथ्यांवर, ग्रहज्योतिषावर ते आसूड ओढतात. ही तिखट जीभ आजाराने दिली म्हणावे, तर 'गुलामगिरी' 1873 सालची आहे आणि 'शेतकऱ्याचा असूड' 1883 सालचा. तेथे धार कमी नाही. पुनरुक्ती आणि विषयांतर हे दोष या ग्रंथात आहेत, पण तेही जुनेच. प्रश्नोत्तरांची बैठक त्यांना सदैव सैल सोडत आली. झटक्याने बदललेला लेखक आम्हांस येथे सापडत नाही.

उलट एक गोष्ट नव्याने उमलते. जोतीराव एका कुटुंबाचे चित्र रेखाटतात. त्यातील स्त्री वाचन करून बौद्ध होते, पती जुना व नवा करार वाचून ख्रिस्ती, कन्या कुराण वाचून मुसलमान, पुत्र सत्यधर्मी. आणि कोणी कोणाचा द्वेष न करता सारी एका घरात राहतात. विवेक ढासळला की माणूस बहुधा आपल्यापुरता उरतो, दुसऱ्याचे मन त्यास दिसेनासे होते. येथे तर लेखक चार मनांना जागा देतो, आणि पुत्राने पत्करलेला आपला धर्म इतरांवर लादत नाही. कोणत्याही एका धर्मग्रंथात संपूर्ण सत्य नाही हे त्यांचे मत आम्हांस मान्य होणे शक्य नाही, हे उघड आहे. पण ते मत खोडावयाचे तर युक्तिवादाने. 'आजारी माणसाचे लेखन' ही पळवाट आम्ही घेणार नाही, आणि आमच्या वाचकांनीही घेऊ नये.

आणखी एक तपशील वक्ते गाळतात. जोतीरावांनी आपले मृत्युपत्र 1887 साली, हातपाय व बुद्धी धड असताना केले. आमच्याकडे चित्र उलटे. झटका आला की पहिले काही तास मालिशीत आणि जडीबुटीत जातात. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे यवतमाळ वा सेवाग्राम गाठेपर्यंत ती वेळ निघून जाते. पुढे महिन्याभराने शाईची डबी घेऊन मुले खाटेजवळ येतात आणि त्या लुळ्या हाताचा अंगठा शेताच्या कागदावर उठवितात. बाबा काय बोलतात ते ऐकण्यास मात्र त्यांच्यापैकी कोणी बसलेले नसते.