श्याम आणि टॉम

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. मार्क ट्वेनचा ‘टॉम सॉयर’ १८७६ चा. ही दोन्ही पुस्तके मी वर्गात वाचून दाखवितो, आणि दर वेळी पाण्यापाशी थबकतो. कोकणातला श्याम पोहायला भितो, लपून बसतो. लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये म्हणून आई त्याला मारून विहिरीवर धाडते. मिसिसिपीकाठचा टॉम शाळा बुडवून पोहायला जातो. पॉलीमावशी त्याला शनिवारी कुंपणाला चुना लावायला बसविते.

शिक्षा करताना दोघींचाही जीव तुटतो. मग फरक कोठे? सांगणाऱ्यात. श्यामची गोष्ट मोठा झालेला श्याम कृतज्ञतेने सांगतो. ट्वेन मात्र मोठ्यांची फजिती पाहून टॉमबरोबर हसतो. म्हणून तेथे खोडीला जागा आहे. येथे खोडीमागोमाग पश्चात्ताप येतो. गुरुजींनी आई थोर केली, हे आपले भाग्यच. पण आपण श्यामलाच आदर्श मूल ठरविले, आणि घरातल्या टॉमला वाया गेलेला म्हटले! वाचकहो, यंदा मुलांना पुस्तके द्याल तर दोन्ही द्या. आईची माया कळायला श्याम हवा. पण मूल ओळखायला टॉमही हवा.