‘अमूर्त’मध्ये काय सुटते?

तत्त्वज्ञानाचा नवा विद्यार्थी पहिल्यांदा अडतो तो बहुधा ‘अमूर्त’ या शब्दापाशी. मराठीत हा शब्द अभाव सांगतो: ज्याला आकार नाही ते. त्यामुळे अमूर्त म्हणजे धूसर, हाती न लागणारे, असा समज होतो. युरोपीय भाषांतला त्याचा प्रतिशब्द लॅटिनमधल्या ‘ओढून वेगळे काढणे’ या क्रियापदापासून आला. तिथे एक कृती दिसते. कृती दिसली की विचारता येते: काय ठेवले, काय सोडले?

हाच प्रश्न हेगेलच्या ‘अमूर्त विचार कोण करतो?’ या १८०७च्या सुमारास लिहिलेल्या छोट्या निबंधात आहे. हेगेल दुर्बोधतेसाठी प्रसिद्ध. इथे मात्र बाजार आहे, भांडण आहे, खवचट विनोद आहे. अमूर्त विचार करतो तो अशिक्षित माणूस, सुशिक्षित नव्हे, हे त्याचे उत्तर. वधस्थळी नेल्या जाणाऱ्या माणसात गर्दीला फक्त खुनी दिसतो; कुणी बाई त्याला देखणा म्हणाली की लोक खवळतात. अंडी नासकी आहेत असे ऐकताच अंडीवाली गिऱ्हाइकाच्या आईबापांपासून अंगावरच्या कपड्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करते. त्या एका वाक्यापलीकडे समोरची बाई तिच्या लेखी उरतच नाही.

निबंधाची मर्यादाही इथेच आहे. उपरोधाच्या भरात वगळणे हाच दोष वाटू लागतो. पण वगळल्याशिवाय संकल्पना बनत नाही. म्हणून या निबंधाशेजारी अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ ठेवावा. स्वयंपाकघरात धुराबरोबर अग्नी पाहिलेला माणूस डोंगरावरचा धूर पाहून तिथे अग्नी आहे असे अनुमान करतो. स्वयंपाकघरातली भांडी, डोंगराची उंची हे सारे तो सोडतो, आणि ते सोडणे रास्त आहे. उलट ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटले की घोटाळा होतो. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओल्या सरपणाची अट नजरेतून सुटलेली असते. अशा सुटलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

हेगेल वगळण्याची किंमत दाखवतो. न्यायपरंपरा वगळणे तपासायची रीत देते. आपल्याकडे पाठ्यपुस्तके व्याख्येपासून सुरू होतात. काय वगळून ती व्याख्या तयार झाली, हे क्वचितच सांगतात. मग विद्यार्थी पाठांतर करतो आणि तत्त्वज्ञान अवघड म्हणून बाजूला ठेवतो.

‘अमूर्त’ हा रूढ शब्द बदलावा असा आग्रह नाही. त्यामागची कृती मात्र पहिल्याच तासाला सांगितली पाहिजे. आडनाव ऐकून समोरच्याची जात ताडणारा माणूस हेगेलच्या गर्दीत सहज सामावेल. आपण कुणाला कशापुरते पाहतो, हे त्याला ओळखता येऊ लागले तर तत्त्वज्ञानाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला म्हणायचा.