गण, झील आणि नवता

तमाशा आणि शाहिरी यांतील परंपरा टिकली की मोडली, याचा निवाडा आपली समीक्षा बहुधा पदांचे शब्द पाहून करते. सातारा-सांगलीकडील दोन शाहिरांचे प्रयोग शेजारी ठेवले की या निकषाचा अपुरेपणा ध्यानात येतो.

वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. त्यांच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले, गौळण गळाली, तमाशाचे 'लोकनाट्य' झाले. संहितेपुरते पाहिले तर हा विच्छेदच. परंतु ताजे कवन रचणे हाच शाहिराचा धर्म. याच तालुक्यातील रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनीही तो पाळला होता. अण्णा भाऊंनी वंद्य बदलले, वंदनाची जागा मात्र राखली. 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत तर विरहशृंगाराचा जुना संकेत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला वाहून नेतो. तो संकेत श्रोत्यांच्या कानात आधीच मुरलेला नसता, तर ती मागणी नुसती घोषणा उरली असती.

वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे (१९२३-२०१५) यांची वाट उलट आहे. 'महाराष्ट्राची लोकधारा'त त्यांनी वासुदेव, गोंधळ इत्यादी प्रकार एका रंगमंचावर आणले. येथे पारंपरिक रूप जपले गेले, पण त्याचे नाते पालटले. पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाला दान घालणारा गृहस्थ आता तिकीट काढून बसलेला प्रेक्षक झाला; कुलाचार म्हणून रात्रभर चालणारा गोंधळ काही मिनिटांचा झाला. साबळे यांना यासाठी दोषी धरणे अन्यायाचे होईल. दाराशी येणारा वासुदेवच विरळ होत असताना त्यांनी तो शहरी पिढीला दाखवला. मात्र या जतनाला 'जसेच्या तसे' म्हणता येत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत यिद्दिशभाषक ज्यूंच्या क्लेझ्मर संगीताचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांनीही जुन्या तबकड्यांवरून चाली उचलल्या. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. लग्नघरी लांबत जाणाऱ्या वादनाचे ते आटलेले रूप होते.

म्हणून नवतेची परीक्षा शब्दांइतकीच झिलीवरही व्हावी. शाहिराची ओळ झीलकरी कोठे उचलतात, सोंगाड्या ती कोठे तोडतो, श्रोत्यांच्या दादेने ती किती लांबते, हे छापील संहितेत उतरत नाही. आणि अण्णा भाऊंची लोकनाट्ये आपण आज प्रामुख्याने छापील पानांवरच वाचतो.