चांदीचा रुपया आणि आंबेडकरांचा हिशेब

डॉ. आंबेडकरांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’चं नाव निघालं की दुसऱ्याच वाक्यात रिझर्व्ह बँक येते. पुस्तक 1923 चं, लंडनमध्ये छापलेलं, प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना असलेलं. ते उघडून बघा, पानोपानी भेटते ती चांदी. बँकेच्या जन्मकथेपुरतं त्याचं नाव घेणं ही मला तरी पुस्तक न वाचण्याची सोय वाटते.

या चांदीचं झालं काय? 1835 च्या कायद्याने रुपया 180 ग्रेनचा ठरला, त्यात शुद्ध चांदी 165 ग्रेन. वजन बरोबर एक तोळा. म्हणून सोनाराच्या तागडीत रुपयाच वजन म्हणून पडायचा. आपला ‘रुपयाभार’ तो हाच. आणि टांकसाळ खुली होती. कुणीही चांदी न्यावी, थोडी मजुरी भरावी, रुपये पाडून घ्यावेत. म्हणजे घरातल्या बाईच्या पायातले तोडे हे एका अर्थी न पाडलेले रुपयेच होते.

1871 नंतर जर्मनीने चांदीचं नाणं सोडलं, फ्रान्सने टांकसाळी आवळल्या, तिकडे नेवाडाच्या खाणींतून चांदी येतच होती. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया 1893 पर्यंत सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. सरकार कर घेणार रुपयांत आणि विलायतेचं देणं फेडणार पौंडांत! शेवटी जून 1893 मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. 1899 मध्ये रुपयाचा भाव 16 पेन्स, आणि त्यातली चांदी जेमतेम 10 पेन्सची. नाणं आणि धातू यांची फारकत झाली. तोडे आता नुसते तोडे राहिले.

केन्स यांनी 1913 च्या आपल्या पुस्तकात या नव्या व्यवस्थेची तरफदारी केली होती. तिशीतले आंबेडकर थेट त्यांना भिडतात. रुपया सावरला तो पाठीशी सोनं ठेवलं म्हणून नव्हे, रुपये पाडण्यावर मर्यादा आली म्हणून, हा त्यांचा मुद्दा. आणि मर्यादा सरकारच्या मर्जीवर असेल, तर ती मर्यादाच नव्हे. पण पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा भाग वेगळा आहे. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा, असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. आंबेडकर विचारतात, हा फायदा आला कुठून? किमती वाढतात, मजुरी मागे राहते; म्हणजे तो मजुराच्या खिशातून आला. गिरण्यांच्या मुंबईला हे ऐकवायला धैर्य लागतं.

माझी तक्रार आहे ती उपायाबद्दल. पुढे हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी तोच धरून ठेवला: रुपये पाडणं सरकारलाही बंद, वाढीव गरज सोन्याच्या नाण्याने भागवायची. कागदावर चोख आहे. पण वऱ्हाडात कापूस निघाला की रोकडीची मागणी एकदम चढते, आणि वेचणारीला रोजचे काही आणे द्यायचे असतात. तिच्या हातावर सोन्याचं नाणं कसं ठेवणार? मजुरीचा इतका नेमका हिशेब मांडणाऱ्या पुस्तकाला हा प्रश्न विचारायलाच हवा.