छत्राचे दगड आणि छत्राचा भात

पडक्या धर्मशाळेविषयी लिहावयास बसलेला लेखक बहुधा खांब मोजू लागतो. तंजावरच्या मराठी राजांनी चालविलेल्या अन्नछत्रांवर जे लेखन आमच्या वाचनात आले, त्यातही हाच प्रकार दिसतो. ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी १८०२ साली मुक्तांबेच्या स्मरणार्थ छत्र उभारले. हत्तीघोड्यांनी ओढलेल्या रथाचा घाट तेथे दगडात उतरविला आहे. तो पाहून लेखक हरखतो, पडझड पाहून हळहळतो, आणि तेथेच लेख संपतो. हळहळ खोटी नाही; पण इमारत म्हणजे छत्र नव्हे.

आत काय चाले, हे सांगणारा उत्तम मजकूर खुद्द सरफोजींचा आहे. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. निदान छत्रांची व्यवस्था तरी आपल्याकडे राहावी, म्हणून १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट टॉरिन यास पत्र लिहिले. रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांत ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, तसेच जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व वाटसरूंना भात मिळे. शिजलेले अन्न ज्यास चालत नसे त्यास कोरडा शिधा. आजाऱ्यास वैद्य, बाळंतिणीची शुश्रूषा, तान्ह्यास दूध, पोरक्या मुलास पंतोजी, मेलेल्यास त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यसंस्कार. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी असेल तर त्याने यावे, असे पुकारीत. ही घंटा कोणत्याही उत्खननात सापडावयाची नाही.

आता या पत्राचीही परीक्षा केली पाहिजे. औदार्याचा दाखला म्हणून ते जसेच्या तसे उचलणे आम्हांस भाबडेपणाचे वाटते. लिहिणारा राजा असला तरी तो येथे अर्जदार आहे. सत्ता गेली आहे, आणि राहिलेली प्रतिष्ठा तो दानाच्या आधारे राखू पाहत आहे. अशा वेळी मजकूर उजळच होणार. सर्वांना अन्न मिळे यावरून सर्व एका पंक्तीस बसत, असेही कोणी काढू नये.

मग पडताळा कशाचा घ्यावा? मोडी दप्तराचा. तंजावरच्या राजांचे मोडी कागद सरस्वती महालात आहेत, आणि दानधर्माच्या खर्चाच्या नोंदीही त्या दप्तरात आहेत. त्यांतील निवडक कागद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ साली भाषांतरासह प्रसिद्ध केले; भाषांतर अर्थातच तमिळ. त्या विद्वानांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु मराठीत लिहिलेला हिशेब कळण्यासाठी मोडी न जाणणाऱ्या मराठी वाचकाने तमिळ शिकावे, ही गोष्ट आम्हांस बोचते. बृहन्महाराष्ट्राच्या नावाने दरवर्षी भाषणे आम्हीही ठोकली आहेत. मोडी वाचणारी माणसे मात्र फारशी तयार केली नाहीत.

मुक्तांबा छत्रावर यापुढे जो लिहील, त्याने रथाच्या चाकांआधी कोठीतील तांदळाचा हिशेब द्यावा.